चार नंबरच्या खिडकीतला अंगठा

माझा उजवा हात सरकारी आहे. बाकीचा मी खाजगी, म्हणजे बायकोच्या ताब्यात आहे. पण उजवा हात गेली बावीस वर्षं चार नंबरच्या खिडकीत बसून शिक्का मारतो. लोक आपले अर्ज घेऊन एक, दोन आणि तीन नंबरच्या खिडक्यांतून फिरून फिरून माझ्यापर्यंत येतात आणि मी शिक्का मारला की तो कागद होतो. तोवर ती नुसती रद्दी. हे मी आढ्यतेने सांगत नाहीये. थोड्या आढ्यतेने सांगतोय.

शिक्का मारण्याची माझी एक पद्धत आहे. तीन नंबरवाला आपला शिक्का कागदावर अलगद टेकवतो, बाळाला पाळण्यात ठेवावं तसा. मी मारतो. मूठ आवळून एक ठोका पॅडवर, दुसरा कागदावर. दोन मजले खाली ऐकू जातो. म्हणून ऑफिसात मला ठोक्या म्हणतात, नवी मंडळी ठोकेसाहेब म्हणतात. अलीकडे पॅड जरा जुनं झालं होतं, पण मनगटात जोर असला की पॅडचं काय एवढं, असं माझं मत होतं. जोर थोडा वाढवला की काम भागत होतं.

तर एके सकाळी चहाचा कप उचलला आणि अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत अशी काही कळ गेली, की कप माझ्या हातून निघून थेट पेपरवर बसला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"हात दुखतोय."

"कशाने?"

"कामाने."

ती बराच वेळ हसत होती. मी कपडे बदलून ऑफिसला गेलो.

दुसऱ्या दिवशी बरणीचं झाकण उघडेना. तिसऱ्या दिवशी शर्टाची बटणं बायकोकडून लावून घ्यावी लागली आणि ती लावताना तिने "हात वर, हात खाली, शाब्बास" असं म्हटलं. एकाहत्तर किलोच्या माणसाला हे किती लागतं ते ज्याचं त्यालाच कळतं. ही बातमी इमारतीत पसरायला अर्धा दिवस लागला, आणि संध्याकाळी ड्रिलमास्तर आणि शिंपीकाका दोघंही माझ्या दाराशी उभे होते.

ड्रिलमास्तर वरच्या मजल्यावर राहतात. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण आवाज अजून मैदानावरच आहे. ते म्हणाले, "गरम पाणी. वीस मिनिटं. हात बुडव." शिंपीकाका तळमजल्यावर शिवतात. ते हळू आवाजात म्हणाले, "गरम मुळीच नको. बर्फ. मी चाळीस वर्षं कात्री चालवतोय, मला सांगू नका." ड्रिलमास्तरांना कोणीही काहीही सांगितलेलं चालत नाही. पुढची पंचवीस मिनिटं माझा हात एका बादलीतून दुसऱ्या बादलीत फिरत होता आणि ते दोघं माझ्या डोक्यावरून भांडत होते. हात कोणाचा आहे हा प्रश्न मध्येच कुठेतरी मागे पडला.

शेवटी दोघांचं एकमत झालं ते मेणावर. दवाखान्यात म्हणे वितळलेल्या मेणात हात बुडवून शेक देतात. मेण गरमही असतं आणि गारही होतं, त्यामुळे दोघांचीही अब्रू राहिली. बायको बहिणीकडे गेली होती. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या मेणबत्त्या आम्ही तिच्या दुधाच्या पातेल्यात वितळवल्या. शिंपीकाकांनी करंगळी बुडवून बघितली आणि जे उद्गार काढले ते त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदाच ऐकले. मग थांबलो, कोमट झाल्यावर मी हात घातला. खरं सांगतो, पाच मिनिटं स्वर्ग होता. त्यानंतर उरलेलं मेण कुठे टाकायचं असा प्रश्न आला आणि ड्रिलमास्तरांनी हुकूम सोडला, "सिंकमध्ये ओत."

मेण सिंकच्या नळीत जाऊन गार होतं. हे तिघा सुशिक्षित माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

बायको आली तेव्हा सिंकमध्ये पाणी तुंबलेलं, दुधाचं पातेलं पांढरं फटक आणि मी हातावरचं मेण सोलत बसलेलो. तिने पातेलं उलटं करून बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, ओट्याखाली शिरला आणि तिथूनच म्हणाला, "काका, हात दुखतो म्हणे. पाना धरून माझाही असाच गेला होता. तुम्ही काय धरता?"

आता बघा, प्रश्न अगदी साधा होता. पण ओट्याखालून आलेल्या प्रश्नाला 'रबरी शिक्का' असं उत्तर द्यायला जीभ वळेना. मी म्हणालो, "पेन. लिखाणाचं काम आहे."

बायकोने माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षांत मी घरी सामानाची यादीसुद्धा लिहिलेली नाही.

एकदा खोटं बोललं की ते निभवावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी तेच सांगितलं. "शासकीय लेखन," मी म्हणालो. डॉक्टरांनी मला अंगठा मुठीत घ्यायला सांगितला आणि ती मूठ करंगळीच्या बाजूला वाकवली. मी खुर्चीतून उठलो. उठलो म्हणजे आपोआप उठलं गेलं. "हं," डॉक्टर म्हणाले, "अंगठ्याचे स्नायुबंध सुजलेत. वापर जास्त झालाय." त्यांनी एक निळा पट्टा दिला, त्यात अंगठा उभा राहतो. जेवण सोडलं तर दिवसभर मी कोणालातरी शाबासकी देतोय असं दिसायचं. आणि त्यांनी बजावलं, "लिखाण पूर्ण बंद."

मी लिखाण पूर्ण बंद केलं. मुळात दिवसातून एकदा हजेरीपटावर सही करत होतो, तेवढंच माझं लिखाण, ते डाव्या हाताने सुरू केलं. शिक्का मात्र उजव्या हातानेच मारत राहिलो, कारण शिक्क्याबद्दल डॉक्टर काहीच बोलले नव्हते. रोज चारशे ठोके, पट्टा बाजूला काढून ठेवून.

आठवड्याने कळलं की मी आठवडाभर गैरहजर आहे. हजेरीवाल्या बाई म्हणाल्या, "ही सही तुमची नाही."

"बाई, मी तुमच्यासमोर बसून करतो ना."

"तुम्ही बसता हो. सही बसत नाही. नमुना सही बदलायचा अर्ज द्या."

"देतो. लगेच देतो."

"त्यावर जुनी सही लागेल."

मी उजव्या हाताने जुनी सही करायला गेलो, कळ आली आणि सहीचं शेपूट कागदाबाहेर जाऊन बाईंच्या टेबलावर संपलं. त्यांनी ते टेबलावरचं पुसलं आणि मला गैरहजरच ठेवलं.

अशा वेळी माणूस मित्राकडे जातो. माझा मित्र होता. भांडारात आहे, म्हणजे ऑफिसचे कागद, टाचण्या, शाई, झाडू, सगळं त्याच्या कुलपात असतं. म्हणून सगळे त्याला किल्ल्या म्हणतात. एकवीस वर्षं आम्ही दुपारचा डबा एकत्र खाल्ला. पण गेले अकरा महिने आमचं बोलणं बंद आहे. झालं असं, की तो एकदा रजेचा अर्ज घेऊन माझ्या खिडकीवर आला. कारणाच्या रकान्यात त्याने 'घरगुती' एवढंच लिहिलं होतं. नियमाप्रमाणे कारण सविस्तर लागतं. मी अर्ज परत सरकवला. तो म्हणाला, "अरे, मला ओळखतोस ना?" मागे मोठी रांग होती, सगळे ऐकत होते आणि मला कशी बुद्धी झाली देव जाणे. मी म्हणालो, "खिडकीच्या या बाजूने मी कोणालाही ओळखत नाही." वाक्य त्यावेळी मला फार आवडलं होतं. त्या दिवसापासून मी डबा एकटा खातो. तो काय करतो मला माहीत नाही, आणि मी विचारत नाही. भांडाराच्या वाटेलाही जात नाही. लागलं तर लागलं, पण त्याच्यासमोर हात पसरणार नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

इकडे शिक्के फिके उमटायला लागले. मला वाटलं हाताची ताकद गेली. म्हणून आणखी जोर लावला. जोर लावला की हात जास्त दुखायचा, दुखला की मला वाटायचं ठोका कमी पडला. एक आजीबाई एकाच कागदासाठी तीन वेळा परत आल्या, कारण पुढच्या ऑफिसात तो शिक्का कोणाला दिसेना. तिसऱ्या वेळी त्या माझ्याकडे न येता थेट मोठ्या साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी मला बोलावलं. कागद उजेडात धरला. "इथे शिक्का आहे?"

"आहे, साहेब. नीट बघितलं तर आहे."

"नीट बघायला लागतं तो शिक्का नव्हे." मग माझ्या पट्ट्याकडे बघून म्हणाले, "पंधरा दिवसांत हात बरा असल्याचा दाखला आणा. नाहीतर तुम्हाला तळघरात, जुन्या कागदांच्या खोलीत बसवतो. खिडकी तीन नंबरवाला सांभाळेल."

तळघराचं मला भय नाही. तिथे पंखा आहे. पण चार नंबरच्या खिडकीत तो टेकवणारा माणूस बसणार, अलगद, आवाज न करता, आणि खालच्या मजल्यावर कोणालाही कळणार नाही की वर काही मंजूर झालंय, हे मला चालणार नव्हतं. घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती या वेळी हसली नाही. तिने गरम पाण्याची पिशवी आणून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आता तरी डॉक्टरांना खरं सांगा, काय धरता ते."

डॉक्टरांनी मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ती माझ्या मुलीच्या वयाची, पण ड्रिलमास्तरांच्या जातकुळीची. "काका, ज्या वस्तूने काम करता ती उद्या घेऊन या," ती म्हणाली. "तुम्ही कसं धरता ते मला बघायचंय."

झाली का पंचाईत. शिक्का म्हणजे सरकारी मालमत्ता. तो फाटकाबाहेर न्यायचा तर भांडाराचा पास लागतो, म्हणजे किल्ल्याची सही. त्यापेक्षा मी गुन्हा करायचं ठरवलं. डब्याचा वरचा कप्पा रिकामा केला, शिक्का आणि पॅड त्यात बसवलं आणि झाकण लावायला डावा हात वापरला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने डबा उचलून बघितला.

"जड आहे."

"पथ्याचं आहे," मी म्हणालो.

दवाखान्यात मी टेबलावर सगळं मांडलं आणि मान खाली घालून म्हणालो, "लिखाणाचं काम नाही. हे आहे." ती म्हणाली, "मारून दाखवा." मी मूठ आवळली आणि बावीस वर्षांच्या इमानाने एक ठोका पॅडवर, एक तिच्या वहीवर मारला. तिच्या टेबलावरचा सांगाडा हलला.

तिने वही बघितली. कोरी. मग पॅडवर बोट फिरवलं आणि बोट बघितलं. तेही कोरं.

"काका, यात शाई कुठे आहे?"

"थोडी असेल. खोल असेल."

"कधी भरली होती?"

मी हिशेब केला. भांडाराची वाट बंद झाल्यापासून नाही. "अकरा महिने झाले," मी म्हणालो.

तिने पॅड बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "कोरड्या पॅडवर तुम्ही रोज चारशे वेळा हात आपटताय. हात ठीक होईल. मूठ आवळू नका, शिक्का बोटांनी हलका धरा, पट्टा अजून तीन आठवडे, व्यायाम रोज. आणि हे एवढं आणा." तिने औषधांच्या कागदावर लिहिलं, ते मी मोठ्याने वाचलं: शाई, एक बाटली. खाली तिने दाखलाही लिहून दिला आणि डॉक्टरांची सही आणली. 'शाई असलेल्या पॅडवर हलक्या हाताने शिक्का मारण्यास हरकत नाही.' तेरावा दिवस होता. दाखला हातात आला याचा आनंद मला दारापर्यंत पुरला. कारण दाराबाहेरच्या बाकावर किल्ल्या बसला होता. त्याच्या उजव्या हातात निळा पट्टा होता आणि अंगठा माझ्यासारखाच उभा होता.

आम्ही दोघं एकमेकांना शाबासकी देत थोडा वेळ तसेच राहिलो.

"तुला कशाने?" शेवटी मीच विचारलं.

"कुलपाने. भांडाराचं कुलूप गंजलंय. दिवसातून वीस वेळा अंगठ्याने जोर लावून फिरवावं लागतं."

"मग तेल घाल ना. भांडारात तेलाचे डबे आहेत."

"आहेत. पण मी स्वतःला वस्तू देऊ शकत नाही. मागणीपत्रावर चार नंबरचा शिक्का लागतो."

"मग आणायचं होतंस."

"कोणाकडे?" तो म्हणाला.

त्याने माझ्या हातातला कागद घेतला आणि तीन वेळा वाचला. "शाई लिहून दिली तुला?" तो म्हणाला. "ही जेवणाआधी घ्यायची की नंतर?"

मी हसलो. तो हसला नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "घरगुती म्हणजे काय लिहिणार होतो मी त्या रकान्यात? बायको रुसून माहेरी गेली होती. तिला आणायला जायचं होतं. मागे बावीस माणसं उभी होती."

मला इतकी लाज वाटली की हाताचं दुखणं काही काळ विसरलो. मला वाटत होतं तो नियमावर रुसला असेल. एकवीस वर्षं मी त्याच्या डब्यातलं खात होतो आणि त्याच्या घरात काय चाललंय हे विचारायला मला रकाना लागला होता.

"आली का परत?" मी विचारलं.

"दोन दिवसांनी स्वतःच आली. मी रजेशिवाय गेलोच नाही म्हणून अजून ऐकवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी, चौदाव्या दिवशी, मी भांडाराच्या दाराशी अर्ज घेऊन उभा राहिलो. किल्ल्याने अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "भांडाराच्या या बाजूने मी कोणालाही ओळखत नाही. कारण सविस्तर लिहा."

मग मी त्याच्या भिंतीला कागद टेकवला आणि डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलाच्या अक्षरात लिहिलं: अंगठा दुखतो. चूक माझी होती.

त्याने ते वाचलं. फाईलला लावलं नाही. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. मग त्याच्या डाव्या हाताने कुलूप धरलं, माझ्या डाव्या हाताने किल्ली फिरवली आणि तिसऱ्या प्रयत्नात दार उघडलं. बाटलीचं झाकणही तसंच उघडलं, एकाने धरायची, दुसऱ्याने फिरवायचं. पॅडवर मी अकरा महिन्यांची भूक भागेल इतकी शाई ओतली. किल्ल्या म्हणाला, "पुरे." मी आणखी ओतली.

खिडकीवर पहिला कागद माझाच दाखला होता, कारण कुठलाही दाखला चार नंबरचा शिक्का बसल्याशिवाय साहेबांकडे जात नाही. दुसरा किल्ल्याचा तेलाचा कागद. तो पलीकडून वाकून बघत उभा होता. मी मनात घोकलं, बोटांनी धरायचं, हलका हात, हलका हात. पण शिक्का हातात आला, समोर कोरा कागद दिसला आणि बावीस वर्षांची सवय माझ्या आधी उठली. मूठ आवळली गेली. एक ठोका पॅडवर पडला.

दुसऱ्याची गरज उरली नाही. शाई दाखल्यावर गेली, तेलाच्या कागदावर गेली, काचेवर, शेजारच्या टेबलावर बाईंच्या हजेरीपटावर आणि पलीकडे वाकलेल्या किल्ल्याच्या शर्टावर गेली. आवाज ऐकून मोठे साहेब बाहेर आले. त्यांनी दाखला दोन बोटांनी उचलला.

"यात शिक्का कुठे आहे?"

"सगळीकडे आहे, साहेब," किल्ल्या म्हणाला.

साहेबांनी काच बघितली. किल्ल्याचा शर्ट बघितला. मग तिथेच माझ्या टेबलावर, दाखल्याच्या जो कोपरा पांढरा उरला होता त्यात लिहिलं: 'हाताची ताकद समक्ष पाहिली. खिडकीवर कायम ठेवावे. शाई बेताने द्यावी.' आणि जाता जाता हजेरीवाल्या बाईंना म्हणाले, "हे गृहस्थ हजर आहेत, असं लिहा."

मी खाली बसलो. हात ठणकत होता, पण खिडकी माझी होती. किल्ल्याने शर्टाचा खिसा चाचपला आणि आतली घडी बाहेर काढली. शाई कापडातून आरपार गेली होती आणि माझ्या वेड्यावाकड्या अक्षरांवर मधोमध एक मोठा निळा डाग बसला होता. त्याने तो कागद उजेडात धरला, अगदी साहेबांसारखा.

"बसला शिक्का," तो म्हणाला. "आता हा कागद झाला."

मग तो परत घडी घालून त्याच खिशात ठेवला आणि म्हणाला, "चल, जेवायला. डबा धुतलास ना?"